चाकाचा ऑफसेट

मोटारीची मूळ पोलादी चाके काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची रुंद चाके बसविण्याची हौस आता सर्वत्र दिसते. अशी चाके निवडताना ग्राहक बहुधा त्यांचा व्यास, रुंदी आणि नटांची छिद्रे जुळतात की नाही एवढेच पाहतो. छिद्रे जुळली की चाक हबवर बसते, हे खरे. परंतु ते योग्य जागी बसले आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. ही जागा ज्या मापाने ठरते, त्यास ऑफसेट असे म्हणतात.

रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यातून एक उभे प्रतल जाते, अशी कल्पना करावी. चाकाचा जो सपाट भाग हबला टेकतो, तो या मध्यप्रतलापासून जितके मिलिमीटर दूर असेल, तितका त्या चाकाचा ऑफसेट. टेकणारा भाग मध्यप्रतलाच्या बाहेरच्या बाजूस असेल तर ऑफसेट धन, आतल्या बाजूस असेल तर ऋण, आणि मध्यप्रतलातच असेल तर शून्य समजतात. पुढच्या चाकांना इंजिनाची गती मिळते अशा आजच्या बहुतेक लहान गाड्यांत तो धन असतो; साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर. पुष्कळ चाकांवर हे माप ‘ईटी’ या अक्षरांपुढे दिलेले असते.

ते दिलेले नसल्यास मोजता येते. टायर काढलेले चाक दर्शनी बाजू खाली करून ठेवावे, वरच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवावी आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजावी. या खोलीतून रिमच्या एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. खोली १३५ मिलिमीटर आणि कडेपासून कडेपर्यंतची रुंदी १९० मिलिमीटर असेल, तर ऑफसेट १३५ उणे ९५, म्हणजे ४० मिलिमीटर होय.

आता एक उदाहरण घेऊ. मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ४५ ऑफसेटचे आहे. नवे चाक सात इंच रुंद आणि ३५ ऑफसेटचे आहे. रुंदी दीड इंचाने, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटरने वाढली. ती दोन्ही बाजूंस १९ मिलिमीटर अशी वाटली जाते. ऑफसेट १० मिलिमीटरने कमी झाल्यामुळे संपूर्ण चाक तितकेच बाहेर सरकले. परिणामी बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर आली आणि आतली कड ९ मिलिमीटर आत गेली. बाहेर मडगार्ड आणि आत सस्पेन्शनचा दांडा यांच्यापर्यंत पुरेशी मोकळी जागा आहे किंवा नाही, हे या आकड्यांवरून आधीच कळते.

तथापि प्रश्न केवळ घासण्याचा नाही. पुढचे चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळते, तो अक्ष खाली वाढविल्यास जमिनीला एका बिंदूत मिळतो. १९७२ साली जर्मनीत आलेल्या आउडी ८० या गाडीत हा बिंदू टायरच्या जमिनीवरील मध्याच्या किंचित बाहेर पडेल अशी योजना केलेली होती. तिच्या ब्रेकची दोन मंडले कर्णरेषेत जोडलेली होती. एक मंडल निकामी झाल्यास पुढचे एकच चाक ब्रेक घेई आणि गाडी त्या बाजूस ओढली जाई. परंतु अक्षाच्या आत पडणाऱ्या ब्रेकच्या जोरामुळे तेच चाक थोडेसे विरुद्ध दिशेस वळे आणि ओढ बरीचशी सावरली जाई. पुढे अनेक गाड्यांनी ही रचना स्वीकारली. अशा गाडीला कमी ऑफसेटचे चाक लावले, तर टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि अंतर पुरेसे बदलल्यास सावरणारा जोर उलट ओढीत भर घालू लागतो. नेहमीच्या प्रवासात हा दोष जाणवेलच असे नाही. तो उघड होतो संकटाच्या क्षणी.

बेअरिंगवरही परिणाम होतो. एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार असेल आणि त्याची रेषा २५ मिलिमीटर बाहेर गेली, तर हबवरील वाकविणारा जोर साडेसात किलोग्रॅम-मीटरने बदलतो. हब आणि चाक यांच्यामध्ये घातलेली जाड चकतीही हेच करते: १५ मिलिमीटरची चकती म्हणजे ऑफसेटमध्ये १५ मिलिमीटरची घट.

म्हणून गाडीच्या निर्मात्याने दिलेला ऑफसेट प्रथम पाहावा आणि नवे चाक शक्यतो त्याच मापाचे घ्यावे. ते बसविल्यावर सुकाणू दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून आणि गाडीत पूर्ण भार ठेवून मोकळी जागा तपासावी. मडगार्डच्या बाहेर डोकावणारे चाक डोळ्यांना भारदस्त वाटत असेल. पण चाकाची जागा दिसण्यावरून नव्हे, तर त्याला पेलाव्या लागणाऱ्या भाराच्या आणि ब्रेकच्या जोराच्या विचाराने ठरलेली असते.