मुदतवाढीचा आदेश : नागरिकशास्त्राचा एक पाठ

उच्च प्राथमिक वर्गांत स्थानिक शासनसंस्था हा भाग शिकविला जातो, तेव्हा ग्रामपंचायत, पंचायत समिती व जिल्हा परिषद यांची रचना मुलांच्या तोंडी सहज बसते. परंतु शासनाचा अधिकार कोठून येतो, तो किती काळ चालतो आणि कोठे थांबतो, ही कल्पना बहुधा पाठ्यपुस्तकातच राहून जाते. ती मुलांच्या मनात उतरविण्यास कोविड-१९च्या साथीतील आदेशांइतके जवळचे साधन दुसरे नाही. वरच्या वर्गांतील मुलांना तो काळ अंधुक आठवतो आणि त्यांच्या पालकांना तर तो चांगलाच स्मरतो. म्हणून त्यातील एकच बाब, म्हणजे आदेशाची मुदत व मुदतवाढ, घेऊन हा पाठ योजावा.

पाठाचा आरंभ गणिताने करावा. २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता घोषणा होऊन त्याच मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ती २५ मार्चपासून १४ एप्रिलपर्यंत होती. पुढे ती ३ मेपर्यंत, मग १७ मेपर्यंत आणि मग ३१ मेपर्यंत वाढविण्यात आली. प्रत्येक टप्प्याचे दिवस मुलांनी दिनदर्शिकेवरून मोजावेत. २१, १९, १४ व १४ अशी उत्तरे येतील व बेरीज ६८ होईल. बेरीज फळ्यावर आल्यानंतर प्रश्न विचारावा : ६८ दिवसांचा एकच आदेश पहिल्याच दिवशी का काढला नाही?

मुले निरनिराळी उत्तरे देतील आणि त्यांतील पुष्कळ उत्तरे चुकीची नसतील. साथ किती टिकेल हे कोणास ठाऊक नव्हते, हे एक उत्तर. दुसरे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. विषाणूचा संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १४ दिवसांपर्यंतचा काळ जाऊ शकतो, असे तेव्हा धरले जात होते. त्यामुळे आज घातलेल्या निर्बंधाचे फळ उद्या दिसत नाही. सोयाबीन पेरल्यावर आठवडाभरात कोणी शेंगा मोजावयास शेतात जात नाही, हा दाखला आपल्या जिल्ह्यातील मुलांना तत्काळ पटेल. तिसरे उत्तर मात्र शिक्षकाने स्वतः पुढे आणावे लागेल, कारण ते मुलांना सहसा सुचत नाही. मुदत घातली, म्हणजे ती संपण्याच्या दिवशी अधिकाऱ्याला पुन्हा विचार करणे भाग पडते. निर्बंध चालू ठेवावयाचे असतील तर त्याला नव्याने सही करावी लागते. बिनमुदतीचा आदेश मात्र कोणी काही न करताही चालूच राहतो.

ही सही कोणत्या कायद्याखाली होते, हे यानंतर सांगावे. महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२०पासून १८९७चा साथरोग प्रतिबंधक कायदा राज्यात लागू केला. त्याच्या जोडीला २००५चा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम होता. या दुसऱ्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यासाठी एक प्राधिकरण नेमले आहे. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात आणि जेथे जिल्हा परिषद आहे तेथे तिचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. ही गोष्ट आपल्या शाळांतून फारशी सांगितली जात नाही. ती अवश्य सांगावी. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला आपत्तीच्या काळातही त्या मंडळात जागा आहे, हे मुलांना कळले पाहिजे.

जमावबंदीचा आदेश तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४व्या कलमाखाली निघे. १ जुलै २०२४पासून त्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १६३वे कलम आले आहे. या कलमाने दंडाधिकाऱ्याचा आदेश दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही. राज्य शासनाला तो वाढविता येतो, परंतु तोही आणखी सहा महिन्यांच्या आत. म्हणजे येथे मर्यादा कायद्यानेच आखून दिली आहे. १८९७च्या व २००५च्या कायद्यांत मात्र निर्बंध किती महिने चालावेत याची अशी रेघ नाही. तारीख घालणे हे आदेश काढणाराच्या विवेकावर राहिले. जागतिक पातळीवरही असा एक नियम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि ५ मे २०२३ रोजी ती संपल्याचे सांगितले. तिच्या तात्पुरत्या शिफारशी तीन महिन्यांनी आपोआप संपतात. त्यामुळे तज्ज्ञांच्या समितीला वारंवार बसावे लागले, व तिच्या १५ बैठका झाल्या.

१८९७ हे साल महाराष्ट्रातील शिक्षकाने वर्गात नुसते उच्चारून सोडून देऊ नये. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हा कायदा झाला. कायदा अवघ्या चार कलमांचा. परंतु त्याने सरकारच्या हाती दिलेला अधिकार फार मोठा होता. पुण्यात रँड यांच्या प्लेग समितीने सैनिकांकरवी घरे तपासली, माणसे हलविली, सामानसुमान बाहेर काढले. रोग्याला वेगळे ठेवणे हा उपाय शास्त्राला धरून होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण लोकांना काही समजावून न सांगता, देवघर व माजघर यांचा विचार न करता तो लादला गेला. लोक रोगी लपवू लागले. २२ जून १८९७च्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्याच साथीत सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगाशी दोन रीतींनी झुंज दिली गेली. मुलांनी या दोन रीतींवर चर्चा करावी. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

आता आपल्या भागाकडे यावे. फेब्रुवारी २०२१मध्ये अमरावती विभागात रुग्णसंख्या पुन्हा चढू लागली. अमरावती व अचलपूर शहरांत २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून १ मार्चपर्यंत टाळेबंदी लागली व ती पुढे ८ मार्चपर्यंत वाढविली गेली. राज्यात इतरत्र व्यवहार बऱ्याच अंशी मोकळे असताना हे घडले. साथ जेथे आहे तेथे निर्बंध, हा स्थानिक अधिकाराचा खरा उपयोग होय. त्याच सुमारास आपल्या रिसोड तालुक्यातील देगाव येथे एका निवासी शाळेतील दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारीपासून उघडून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. मुलांची घरे वेगवेगळ्या जिल्ह्यांत होती, ही गोष्ट नकाशावर दाखवावी. एका गावातील वसतिगृहाचा प्रश्न एका गावापुरता का राहत नाही, हे नकाशा पाहून मुले स्वतःच सांगतील.

मुदतवाढीची किंमतही वर्गात मोजली पाहिजे. नाहीतर पाठ एकांगी होईल. मार्च २०२०च्या मध्यास शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. म्हणजे जे मूल २०२०-२१मध्ये पहिलीत दाखल झाले, त्याने वर्गातील फळा प्रथम पाहिला तो दुसरीच्या उत्तरार्धात. जानेवारी २०२२मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या व २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थिती पाहून उघडण्याची मुभा मिळाली. ज्या घरी एकच भ्रमणध्वनी होता, तो वडिलांबरोबर शेतात जात असे, आणि मोठ्या भावाच्या तासिकेनंतर धाकट्या बहिणीला काय उरत असेल ते निराळे सांगावयास नको. दर मुदतवाढीबरोबर हे नुकसान वाढत गेले, आणि त्याचा भार सर्व घरांवर सारखा पडला नाही. रोगाचे आकडे रोज प्रसिद्ध होत. असा हिशेब मात्र मुदत वाढविताना सहसा मांडला गेला नाही. म्हणून मुदतवाढीच्या आदेशात तीन गोष्टी असाव्यात, अशी अपेक्षा नागरिकाने ठेवणे योग्य आहे : मागील मुदतीत काय साधले, पुढील मुदतीत काय साधावयाचे आहे, आणि कोणती स्थिती आली म्हणजे निर्बंध उठतील. कायदा हे मागत नाही; परंतु ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास कायद्याची आडकाठीही नाही.

येथे एक सूचना करणे आवश्यक आहे. काही मुलांच्या घरी त्या साथीत माणूस दगावलेले असेल. त्यांना उभे करून आठवणी विचारू नयेत. त्यांनी आपण होऊन सांगितल्यास ऐकून घ्यावे व पाठ क्षणभर थांबवावा.

पाठाच्या शेवटी प्रात्यक्षिक द्यावे. प्रत्येक शाळेत आवक-जावक नोंदवही असते. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळातील नोंदी मुलांपुढे ठेवाव्यात. साथीसंबंधीची पत्रे व आदेश त्यांनी शोधावेत आणि चार रकान्यांचा तक्ता करावा : आदेश कोणी काढला, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या क्षेत्रासाठी, कोणत्या तारखेपर्यंत. शाळेच्या खोल्या बाहेरगावाहून आलेल्या लोकांच्या विलगीकरणासाठी दिल्या असतील, तर तीही नोंद घ्यावी. धान्यवाटपाची व शिक्षकांनी केलेल्या सर्वेक्षणाची पत्रेही सापडतील. ती वेगळ्या कागदावर उतरावीत. पाचवा रकाना ‘कारण’ या मथळ्याचा ठेवावा व आदेशात कारण लिहिले नसेल तेथे तो कोराच राहू द्यावा. तक्ता पूर्ण झाल्यावर त्याची एक प्रत वर्गाच्या भिंतीवर लावावी व दुसरी सरपंचांना नेऊन द्यावी.