कळसूबाई चढण्याआधी

अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या प्रवासाची ताकद, निरोगी शरीर आणि खाल्लेले नीट पचणे हे त्यांतलेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत आपली माणसे चवदार तळ्यापर्यंत पायीच गेली. आम्ही मात्र कोपऱ्यावर जायलाही रिक्षा शोधतो! म्हणून यंदा भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी मुक्काम करून बारी गावातून कळसूबाई (१६४६ मीटर) आपले आपण चढायचे आम्ही ठरवले आहे.

महिनाभर आधी रोज अर्धा तास भरभर चालावे. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. नवे बूट नकोत, फोड येतात. पाणी माणशी तीन लिटर.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि उपाशी चढू नये. दरदरून घाम सुटला, हात थरथरले, तर तो थकवा समजू नये. साखर कमी झालेली असू शकते. लगेच बसून तीन-चार चमचे साखर खावी, मग पोळी. छातीत दाब वाटला तर शिखर सोडून द्यावे, दवाखाना गाठावा.

उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. काठी घ्यावी, पावले आखूड टाकावीत आणि लोखंडी शिड्यांवर घाई करू नये.