दारू सोडण्यासाठी एएची मीटिंग कशी शोधावी?

कपाशीवर काही वेगळे दिसले की आपण फांदी तोडून विद्यापीठात घेऊन येता आणि विचारता. घरात दारू शिरली, तर मात्र ती गोष्ट वर्षानुवर्षे झाकून ठेवली जाते. मद्यासक्ती हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. प्रस्तुत लेखक कृषिविद्येचा अध्यापक आहे, डॉक्टर नव्हे. परंतु सख्ख्या मामांच्या निमित्ताने जी माहिती गोळा करावी लागली, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजेच एए, हा दारू सोडलेल्या आणि सोडू इच्छिणाऱ्या लोकांचा मेळ आहे. सन १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन या शहरी बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी एकमेकांशी बोलून, एकमेकांच्या आधाराने दारू दूर ठेवली, तेथून याची सुरुवात झाली. भारतात हे काम १९५७ पासून चालते. येथे फी नाही. दारू थांबवण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, तीत सभासद स्वखुशीने काही टाकतात. नवख्याने टाकलेच पाहिजे असे नाही. आडनाव, जात, जमीन किती, हे कोणी विचारत नाही.

पत्ता कोठे मिळेल?

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. केंद्र शासनाची व्यसनमुक्तीची हेल्पलाईन १४४४६ या क्रमांकावर आहे. एएच्या संकेतस्थळावरही मीटिंगांची यादी असते. मात्र बियाण्याच्या पिशवीवरची तारीख आपण पाहतो, तशी यादी केव्हाची आहे हे पाहावे आणि निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी.

हे मी अनुभवाने सांगतो. एका जुन्या यादीवरून मी मामांना तालुक्याच्या गावी नेले. शाळेच्या खोलीला कुलूप. मीटिंगचा वार केव्हाच बदललेला होता. मामा म्हणाले, "भाच्या, तू शिकलेला, पण तुला पण ठाऊक नाही बघ." त्या रात्री ते पुन्हा प्यायले, आणि दुसऱ्यांदा तयार व्हायला त्यांना तीन महिने लागले. एका फोनचे काम होते.

दुसरी अडचण एसटीची. मीटिंगा बहुधा संध्याकाळी भरतात आणि शेवटची गाडी त्याआधीच सुटते. अशा वेळी रविवारची किंवा दिवसाची मीटिंग विचारून घ्यावी, बाजाराच्या दिवसाशी जुळली तर उत्तमच. काही मीटिंगा मोबाईलवरूनही होतात. पण पहिली मीटिंग शक्यतो समक्ष जाऊन करावी, असे माझे मत आहे. आपल्याच गावातील मीटिंग नको, ओळखीचे भेटतील, असे वाटत असेल तर खुशाल शेजारच्या तालुक्यात जावे.

निघण्यापूर्वी

रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकाएकी दारू बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, घाम, झोप उडणे, तर काहींना झटके येणे, भास होणे असा त्रास होतो व तो जिवावरही बेतू शकतो. अगोदर डॉक्टरांना दाखवावे. तसेच दारू सोडवण्याचे औषध नवऱ्याच्या भाजीत गुपचूप कालवण्याचा प्रकार काही घरांतून होतो. हा प्रकार अत्यंत धोकादायक आहे. काही औषधांवर दारू पोटात गेल्यास रक्तदाब एकदम उतरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने व रुग्णाला सांगूनच औषध द्यावे.

मीटिंगा दोन प्रकारच्या असतात. बंद मीटिंगला ज्याला स्वतःला दारूचा त्रास आहे त्यानेच जायचे. खुल्या मीटिंगला घरचे माणूस सोबत बसू शकते, म्हणून पहिल्या वेळी खुली मीटिंग विचारावी. मी मामांबरोबर अशाच एकीत मागच्या बाकावर बसलो. तासाभरात कोणी उपदेश केला नाही. एक ट्रॅक्टरचालक उठला व पाळण्यातल्या मुलीच्या औषधाचे पैसे गुत्त्यावर कसे गेले, ते त्याने सांगितले. मामा मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवशी ते एक शब्द बोलले नाहीत आणि बोलण्याची सक्तीही झाली नाही. बाहेर पडताना मात्र त्यांनी विचारले, "पुढचा वार कोणता?"

"सुगी उरकली की बघू" असे पुष्कळ जण म्हणतात. माझ्या पाहण्यात सुगीनंतरच हातात पैसा येतो व पिणे वाढते. मामांना दारू थांबवून चार वर्षे होत आली होती, तेव्हा सोयाबीनची पट्टी मिळाली त्याच दिवशी त्यांचा पाय घसरला. दुसऱ्या दिवशी ते लाजत मीटिंगला गेले. तेथे त्यांना कोणी हाकलले नाही, खुर्ची सरकवून दिली.

माणूस जायला तयारच नसेल तर? मग घरच्यांनी जावे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा असतात. आमच्या मामी मामांच्या आधी पाच महिने तिकडे जात होत्या. मामांना वाटे, त्या भिशीला जातात.