महापालिकेचं दिवाळं निघतं म्हणजे काय होतं?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडात बर्मिंगहॅमला राहते. तिथल्या महापालिकेचं दिवाळं निघालं असं ती सांगते. पण पालिका चालूच आहे आणि कर उलट वाढलाय! हे कसं काय? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इंग्लंडच्या कायद्यात महापालिकेचं दिवाळं निघूच शकत नाही. दारावर जप्ती येत नाही, लिलाव होत नाही. निघते ती नोटीस. 1988च्या कायद्यातल्या 114व्या कलमानुसार मुख्य वित्त अधिकाऱ्यानं ‘यंदा जमाखर्चाचा मेळ बसत नाही’ असं लेखी कळवलं, की कायद्यानं बंधनकारक असलेला खर्च सोडून बाकी नवा खर्च थांबतो. बर्मिंगहॅमनं 5 सप्टेंबर 2023 रोजी ही नोटीस काढली.

कारणं तिथली खास होती. सफाई, स्वयंपाक, वृद्धांची देखभाल अशी कामं करणाऱ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा मोबदला न दिल्याचे जुने दावे होते. त्यांचं देणं तेव्हा 76 कोटी पौंडांपर्यंत जाईल असा अंदाज होता. त्यात नव्या संगणकप्रणालीचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट फुगला. पण याच्या तळाशी सगळ्या इंग्लंडचं दुखणं आहे. 2010पासून केंद्र सरकारनं स्थानिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लावली आणि महागाई धरली तर पुढच्या दहा वर्षांत ते निम्म्यावर आलं.

आता तुमच्या मुलीच्या तक्रारीकडे येतो. अपंग आणि वृद्धांची देखभाल, निराधार मुलांचा सांभाळ, बेघरांची सोय ही कामं पालिकेला टाळता येत नाहीत आणि त्यांचा खर्च दरवर्षी चढतोच. मग कात्री लागते ती उरलेल्या गोष्टींना : वाचनालय, बाग, रस्त्यावरचे दिवे, नाटक-संगीत. बर्मिंगहॅमनं दोन वर्षांत सुमारे 30 कोटी पौंड वाचवायचं ठरवलं. दिवे मंद करायचे, मोठ्या कलासंस्थांची अनुदानं टप्प्याटप्प्यानं शून्यावर आणायची. कौन्सिल टॅक्स म्हणजे त्यांची घरपट्टी 2024मध्ये 9.99 टक्के आणि 2025मध्ये 7.49 टक्के वाढली. एरवी साधारण 5 टक्क्यांच्या वर जायचं तर सार्वमत घ्यावं लागतं. इथे सरकारनं खास सवलत दिली. पैसा जातो तो मूठभर कुटुंबांच्या देखभालीवर, आणि कर भरणाऱ्या बहुतेकांना मात्र फक्त मंद दिवा दिसतो. त्यांचा संताप मला तरी अगदी रास्त वाटतो. त्यातच 2025च्या मार्चमध्ये कचरा उचलणारे कामगार बेमुदत संपावर गेले आणि महिनाअखेर रस्त्यावर सुमारे 17,000 टन कचरा साठला.

काही पालिकांनी वेगळीच वाट धरली. लंडनजवळच्या छोट्या वोकिंगनं सरकारी कर्जं काढून उत्तुंग इमारती आणि हॉटेल उभारलं. भाड्यातून अनुदानाची भरपाई करायचा बेत होता. 2023मध्ये तिथेही 114ची नोटीस निघाली. मूळ कामांसाठी वर्षाला हाती असलेला निधी 1.6 कोटी पौंड, तर कर्ज 200 कोटींच्या दिशेनं निघालेलं! कर्ज देणारंही सरकारच होतं, हे विसरू नका.

आपल्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था करही गेला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर डोळा लावून बसतात. तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे, ही अडचण नाशिककरांना समजावून सांगायला नको.

राहता राहिला पालिका बंद होण्याचा प्रश्न. नॉर्दम्प्टनशर काउंटी कौन्सिलनं 2018मध्ये अशी नोटीस काढली, नवंकोरं मुख्यालय विकलं आणि त्याच इमारतीत भाड्यानं राहिली. 2021मध्ये सरकारनं ती संस्थाच मोडीत काढली आणि तिच्या जागी दोन नव्या पालिका स्थापन केल्या.