एक्स्टेन्शन बोर्ड : सोय आणि सावधगिरी

बदलीच्या निमित्ताने भोपाळला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आम्ही २००० वॉटचा हीटर विकत घेतला. भाड्याच्या घरातील झोपण्याच्या खोलीत सोळा अँपिअरचे सॉकेट नव्हते. हीटरचा जाड पिनांचा प्लग साध्या एक्स्टेन्शन बोर्डात बसेना, म्हणून बाजारातून कन्व्हर्टर प्लग आणला. बोर्डाची दहा मीटर वायर अर्धी गुंडाळलेलीच ठेवून ती सतरंजीखाली सरकवली आणि आम्ही निश्चिंत झालो.

आठवड्याभरातच एका रात्री आईने हाक मारली, "अरे, काही जळतंय का?" सतरंजी उचलून पाहतो तो वायरीचे वेढे एकमेकांना चिकटलेले आणि प्लग वितळू लागलेला! शेजारीच आमची चार वर्षांची मुलगी झोपली होती. आश्चर्य म्हणजे एमसीबी पडलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी आलेल्या इलेक्ट्रिशियनने याचे कारण समजावून सांगितले. ते प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वायरीचे गणित

आपल्याकडे घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. उपकरणाच्या वॉटला २३० ने भागले की त्यातून वाहणारा प्रवाह मिळतो. २००० वॉटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. आमच्या बोर्डाची क्षमता होती ६ अँपिअर. म्हणजे त्याच्यावर जवळजवळ दीडपट भार पडत होता.

वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. आमची वायर ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीची होती. जाण्यायेण्याची मिळून २० मीटर तांब्याची तार धरली, तर तिचा रोध साधारण अर्धा ओहम भरतो. या हिशेबाने वायरीतच सुमारे ३८ वॉट, म्हणजे जुन्या ४० वॉटच्या दिव्याएवढी उष्णता निर्माण होत होती. मोकळ्या वायरीतून ती हवेत निघून जाते. गुंडाळलेल्या आणि झाकलेल्या वायरीत ती साचत राहते. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची असती, तर ही उष्णता एक तृतीयांशाहूनही कमी झाली असती. प्लगच्या पिना सैल असतील, तर त्या एकाच जागी उष्णता एकवटते आणि प्लास्टिक वितळू लागते.

एमसीबी का पडला नाही?

भिंतीतील वायरिंगचे संरक्षण करण्यासाठी एमसीबी बसवलेला असतो. आमचा एमसीबी १६ अँपिअरचा होता. त्याच्या दृष्टीने ८.७ अँपिअर हा मर्यादेतीलच भार होता. पुढे जोडलेली वायर किती बारीक आहे, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. गळती ओळखणारा आरसीसीबी विजेच्या धक्क्यापासून वाचवतो. मात्र वायर तापणे तोही थांबवू शकत नाही.

बोर्डावर चार सॉकेट आहेत म्हणून त्याची क्षमता चौपट होत नाही. एका खात्यावर चार चेकबुके घेतली, तरी शिल्लक तेवढीच राहते, तसेच हे आहे.

एवढे अवश्य पाळावे

१. गीझर, हीटर, एअर कंडिशनर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांसारखी जास्त वॉटची उपकरणे भिंतीवरील योग्य क्षमतेच्या सॉकेटलाच जोडावीत. तेथे सॉकेट नसल्यास परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे.

२. तात्पुरता बोर्ड वापरणे अपरिहार्यच असेल, तर तो १६ अँपिअरचा, अर्थिंगसह तीन तारांचा, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीचा आणि आयएसआय चिन्ह असलेला घ्यावा.

३. वायर पूर्ण उलगडावी. सतरंजी, गादी किंवा दाराच्या फटीखालून ती नेऊ नये.

४. अशा बोर्डावर एका वेळी एकच मोठे उपकरण चालवावे. एका बोर्डात दुसरा बोर्ड जोडू नये.

५. मोठ्या प्लगसाठी कन्व्हर्टर वापरू नये, तसेच अर्थिंगची पिन कधीही काढून टाकू नये.

६. नवीन जोडणी केल्यावर पंधरा मिनिटांनी बटण बंद करून प्लग व वायर हाताने चाचपावी. ती गरम लागल्यास वापर तत्काळ थांबवावा.

७. न्हाणीघरात किंवा ओल्या जागी एक्स्टेन्शन बोर्ड नेऊच नये.

आमच्या घरमालकांच्या संमतीने आम्ही खोलीत स्वतंत्र वायर टाकून सोळा अँपिअरचे सॉकेट बसवून घेतले. त्याला आलेला खर्च हीटरच्या किमतीपेक्षाही कमी होता. आधी हीटर आणि मागाहून सॉकेट हा आमचा क्रम चुकला; वाचकांनी तो चुकवू नये. आज घरी गेल्यावर आपल्या बोर्डाच्या मागील बाजूस लिहिलेला अँपिअरचा आकडा वाचावा आणि त्यावर चालणाऱ्या उपकरणांच्या वॉटची बेरीज करून पाहावी, एवढीच विनंती.