दार इथले आणि दार वर्ध्याचे

वर्धा, आर्वी, हिंगणघाट, पुलगावकडून ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या कुटुंबांसाठी, इथे आधी स्थिरावलेल्या घरांनी सांगितलेल्या या गोष्टी. घर बघायला गेलो की आपण स्वयंपाकघर बघतो, शाळा विचारतो, स्टेशन किती लांब ते विचारतो. दाराचे कुलूपही त्याच वेळी बघा.

१. सिलिंडर तपासा. इथली बरीचशी दारे यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, असतात. किल्ली ज्यात जाते तो धातूचा भाग म्हणजे सिलिंडर. मधोमध, त्याला धरणारा स्क्रू बसतो तिथे, तो सर्वांत नाजूक असतो. सिलिंडर बाहेर डोकावत असेल तर चोर तो पकडीत धरून क्षणात मोडतो. म्हणून हँडलच्या पट्टीपुढे तो ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेला नको. त्यावर काइटमार्क (ब्रिटिश मानकाचा शिक्का) आणि तीन तारे, नाहीतर ‘सोल्ड सिक्युअर डायमंड’ची खूण हवी. घर विकत घेतले तर लगेच सिलिंडर बदला. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतील ते कळायला मार्ग नसतो. भाड्याच्या घरात आधी मालकाला लेखी विचारा.

२. हँडल उचला, किल्ली फिरवा. या दारांना वरपासून खालपर्यंत अनेक ठिकाणी खिट्ट्या असतात. नुसते दार ओढून घेतले तर फक्त मधली जीभ अडकते. हँडल वर उचलल्यावर सगळ्या खिट्ट्या चौकटीत शिरतात आणि किल्ली फिरवल्यावरच त्या पक्क्या होतात. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, ही सवय लावा.

३. लाकडी दार असेल तर नुसत्या नाइट लॅचवर, म्हणजे दार ओढताच लागणाऱ्या कुलपावर, विसंबू नका. सोबत पाच लिव्हरचे, दाराच्या जाडीत बसवलेले कुलूप हवे. दाराच्या कडेच्या पट्टीवर ‘बीएस ३६२१’ ही मानकाची खूण कोरलेली आहे ना ते पाहा. घराचा विमा काढताना कंपन्या बहुधा हेच विचारतात. खरे तेच लिहा, नाहीतर दावा अडकू शकतो. फ्लॅटचे मुख्य दार आगरोधक असते, त्याला स्वतः भोके पाडू नका.

४. किल्ल्या दाराजवळ टांगू नका. पत्रपेटीच्या फटीतून आकडा घालून त्या ओढून घेतात.

५. सोने घरात साठवू नका. आपल्या घरांत दागिने असतात हे चोरांना ठाऊक आहे. दिवाळीच्या सुमारास अनेक ठिकाणचे पोलीस दक्षिण आशियाई कुटुंबांना सावध करतात ते त्यामुळेच. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या जपा. विम्यात एका वस्तूसाठी मर्यादा असते, ती वाचा. चोर समोर असेल तर ९९९ वर, चोरी होऊन गेली असेल तर १०१ वर पोलिसांना फोन करा.

ब्रिटनऐवजी अमेरिकेत जाणाऱ्यांनी डेडबोल्टची खिट्टी एक इंच बाहेर येते ना ते पाहावे आणि चौकटीवरची पट्टी तीन इंची स्क्रूने आतल्या लाकडात कसून घ्यावी. लाथेने तुटते ती चौकट. कुलूप तसेच राहते.

आता मागे राहिलेल्या घराबद्दल. आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आले की वर्ध्याचे घर बंद पडते. बाहेर लटकणारे मोठे कुलूप घर रिकामे असल्याचे साऱ्या गल्लीला सांगते. कुलूप कितीही दणकट असो, कोयंडा चार स्क्रूंवर उभा असतो आणि पहार लागते ती कोयंड्याला. दाराच्या आत बसणारे कुलूप घ्या. कडी-कोयंडा राहणारच असेल तर तो आरपार नट-बोल्टने बसवा. कूलरची खिडकी विसरू नका. कूलरसाठी गज कापलेले असतात आणि हिवाळ्यात कूलर काढला की माणूस शिरेल एवढी जागा उघडी राहते. तिथे बोल्टने घट्ट बसवलेली जाळी लावा. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातला गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याचे २०११ मध्ये उघड झाले, तेही कित्येक महिन्यांनी. बंद घरातली चोरीही अशीच उशिरा कळते. विश्वासाच्या शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा आत फिरून यायला सांगा, पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा.

कॅमेरा नंतर घेतला तरी चालेल. पहिला पैसा सिलिंडर आणि चौकटीवर घाला. आज झोपण्यापूर्वी हँडल उचलून किल्ली फिरवा आणि येत्या रविवारी घरी फोन कराल तेव्हा कूलरच्या खिडकीची चौकशी करा.