समिती निवडीचे गणित

एमएचटी-सीईटीच्या गणितात ९० मिनिटांत ५० प्रश्न सोडवावे लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत. त्यामुळे संचयाचा प्रश्न आला की पुष्कळ विद्यार्थी अंदाजाने खूण करून पुढे जातात. आम्हांस याची खंत वाटते, कारण हे प्रकरण पाठांतराचे नाही. या संचयाचा सामान्य नियम महावीराचार्यांनी नवव्या शतकात ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात सांगून ठेवला आहे.

१० जणांतून ५ जणांची समिती निवडावयाची आहे. एकामागून एक निवडल्यास १०×९×८×७×६, म्हणजे ३०,२४० प्रकार होतात. परंतु समितीत आधी कोण आला, नंतर कोण, यास महत्त्व नसते. तेच पाच जण ५×४×३×२×१, म्हणजे १२० क्रमांनी निवडले जातात. म्हणून १२० ने भागावे. २५२ समित्या मिळतात.

आता या दहांत ६ मुलगे व ४ मुली आहेत आणि समितीत किमान २ मुली हव्यात. येथेच आमचे हुशार विद्यार्थीही फसतात. ते म्हणतात, चारांतून दोन मुली ६ प्रकारे घेऊ, मग उरलेल्या आठांतून कोणीही तिघे ५६ प्रकारे, गुणाकार ३३६. मांडणी सरळ दिसते. पण एकूण समित्याच २५२ असताना ३३६ होतील कशा?

दोष असा की सुजाता, विशाखा व गौतमी या तिघी असलेली एकच समिती तीनदा मोजली जाते, कारण ‘आधीच्या दोघी’ तीन तऱ्हांनी ठरतात. चारही मुली असलेली समिती तर सहा वेळा!

यापेक्षा नको ते वगळावे. एकही मुलगी नसलेल्या समित्या ६. नेमकी एक मुलगी असलेल्या ४×१५, म्हणजे ६०. २५२ मधून ६६ गेले, उरले १८६. वेळ असल्यास पडताळावे: दोन मुलींच्या १२०, तिघींच्या ६०, चौघींच्या ६, बेरीज तीच. ३३६ हा आकडा पर्यायांत असू शकतो, म्हणून उत्तर एकूण संख्येशी ताडून पाहण्याची सवय आम्ही प्रथम लावतो.

पालकांनी घरी एवढेच विचारावे: याच समितीत किमान ३ मुलगे हवे असतील तर? उत्तर पुन्हा १८६ येते. ते का, हे पाल्याकडूनच समजून घ्यावे.